लाट फुटते तिथंच उतरा

सांगलीत कृष्णेवर कुठं उतरावं, कुठं उतरू नये, हे पंचाहत्तर सालापर्यंत गुंडा अंबीला विचारायची पद्धत होती. तशी सक्ती काही नव्हती. घाटावर नवा माणूस आला की कपडे काढता काढता गुंडाकडं बघायचा. गुंडानं मान हलवली की पाण्यात शिरायचा. गुंडाचे आजोबा होडी चालवायचे. पूल झाल्यावर होडीचं काम गेलं आणि घरात पाण्याची माहिती तेवढी शिल्लक राहिली.

पोटासाठी गुंडा कुपवाडच्या एका फौंड्रीत ओतकाम करायचा. उन्हाळ्यात कामावर जाण्याआधी घाटावर पोहायला शिकवायचा. शिकणाऱ्यानं पहिल्या दिवशी एक नारळ आणायचा आणि पुढं जन्मभर त्याला वस्ताद म्हणायचं, एवढीच त्याची फी. फौंड्रीतले अर्धेअधिक तरुण असे त्याचे देणेकरी होते. जेवणाच्या सुट्टीत ते त्याच्याभोवती डबे उघडून बसत आणि तो पुराच्या गोष्टी सांगे. गोष्टी बहुतेक खऱ्या असत.

मग धोंडीबा खाडे आला.

धोंडीबा वडूजकडचा. त्या भागात विहिरीचा तळ दिसला नाही तर लोक पाणी भरपूर आहे म्हणतात. तिथून हा नौदलात गेला, जहाजावर सुतारकाम शिकला, दहा वर्षांनी परत आला आणि फौंड्रीच्या पॅटर्न खात्यात लागला. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना. हात चांगला होता. बोलणं हळू आणि कमी, पण एकदा समुद्राचा विषय निघाला आणि त्यानं विशाखापट्टणच्या कोळ्यांचं सांगितलं. ते लोक दोन-तीन ओंडके एकत्र बांधतात, त्यावर बसून मासे धरतात आणि परत येताना लाटेच्या पाठीवर बसून थेट वाळूत येतात. त्यांची पोरं नुसत्या फळीवर तसं करतात. धोंडीबा त्या पोरांकडूनच शिकला होता. एका परदेशी बंदरात तर त्यानं गोरी पोरं लांबलचक फळ्यांवर उभी राहून येताना बघितली होती.

"उभी?" कुणीतरी विचारलं.

"उभी. मला न्हाई जमत. मी पोटावर पडून येतो."

दुसऱ्या दिवसापासून डबे पॅटर्न खात्यात उघडू लागले. गुंडाच्या भोवती दोघं-तिघं राहिले. त्यांची जायची तयारी होती, पण तो काय म्हणेल म्हणून बसले होते. गेलेल्यांत सयाजी होता. सयाजीला गुंडानं भोपळा बांधून पहिल्यांदा पाण्यात सोडलं होतं. पुढं पुराच्या पाण्यात शेजारी शेजारी पोहता येईल असा तो एकटाच निघाला. गुंडाला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. सयाजीबद्दल त्यानं मनात काय धरलं होतं ते उघड आहे.

घरी बायको, साळूबाई, एकदा वाढता वाढता म्हणाली, "आवं, त्या नेव्हीवाल्याचं नाव घेतल्याबिगर घास उतरत न्हाई का तुमचा?"

"कुणाचं नाव घेतलं मी?"

"आत्ता दोनदा घेतलं. सकाळच्याला दाढी करताना येकदा."

गुंडा ताटावरून उठला नाही, पण त्या वेळी आमटी मागितली नाही.

सत्त्याहत्तरच्या मे महिन्याच्या शेवटी फौंड्रीची सहल रत्नागिरीला निघाली. मालकानं ट्रक दिला होता. धोंडीबानं सहलीसाठी पांगाऱ्याची एक फळी तासली होती. पांगारा वजनाला हलका. पुढचं टोक गोल आणि किंचित वर उचललेलं, कडा गुळगुळीत. ट्रकमध्ये ती फळी सयाजीनं मांडीवर आडवी घेतली आणि आंबा घाट उतरेपर्यंत खाली ठेवली नाही.

"जपून रं," गुंडा म्हणाला. "नवरी हाय."

सगळे हसले. गुंडाला बरं वाटलं. मग तो पुढं म्हणाला, "ज्याला पव्हायला येत न्हाई त्येला लाकूड लागतं. आमी पोरांना पयल्या दिवशी बांधतो."

"व्हय वस्ताद," धोंडीबा म्हणाला. "मला बी बांधूनच शिकवलं." आणि तोही हसला.

हे हसणं गुंडाला सहन होत नसे. टोमणा मारला की समोरच्यानं एकतर उलट बोलावं, नाहीतर गप्प व्हावं. हा माणूस टोमणा हातात घेऊन बघायचा आणि चांगला आहे म्हणायचा.

रत्नागिरीत पोहोचल्यावर ट्रक आधी मांडवीला गेला. शहराला लागूनच किनारा, काळपट वाळू, भेळवाल्यांची मांडामांड. सगळे उड्या टाकून खाली उतरले. धोंडीबा उतरला, उंचशा जागी बसला, बिडी पेटवली आणि पाण्याकडं बघत राहिला. बिडी संपल्यावर म्हणाला, "हितं बसायला बरं हाय. खेळायला न्हाई."

मग ट्रक भाट्याला. मोठा सपाट किनारा, सुरूची झाडं. गुंडाला जागा एकदम पसंत पडली. धोंडीबानं परत बिडी ओढली. एका टोकाला खाडी समुद्राला मिळते, ओहोटीला तिचं पाणी ओढतं, आणि आपल्यातले निम्मे चालत चालत तिकडंच जाणार, असं तो म्हणाला. लाट जवळ येऊन एकदम आदळते तिथं मान मोडते. लाट लांब फुटावी, हळू फुटावी आणि फेस होऊन वाळूवर दूरपर्यंत चालत यावी. खाली दगड नको. वाळूचा उतार असा हवा की कमरेएवढ्या पाण्यात बरंच चालता येईल.

"बायको बघायला आलाय का बीच?" गुंडानं विचारलं.

पण कुणी हसलं नाही. ऊन चढत होतं, लोक कंटाळले होते, तरी ट्रकमध्ये निमूट चढले. गुंडाच्या हे ध्यानात आलं. वीस वर्षं तो मान हलवायचा तेव्हा लोक असेच निमूट वागायचे. त्यानं सयाजीकडं बघितलं. सयाजी फळी आधी वर देत होता.

दक्षिणेला बरंच पुढं गेल्यावर एक लांब किनारा लागला. त्याचं नाव ट्रकमधल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. धोंडीबा टेकाडावर बसला. या खेपेला दुसरीही बिडी ओढली, मग उठला आणि लेंग्याची वाळू झटकली.

"हितं," तो म्हणाला. "पर ऐका. लाट फुटते तिथंच उतरा. जिथं फुटत न्हाई तिथं जाऊ नका."

लोक एकमेकांकडं बघू लागले. समोर डाव्या-उजव्या हाताला लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या आणि दोन्हींच्या मधे गडद, शांत पाण्याचा एक पट्टा थेट समुद्रात गेला होता. ट्रकमधून उतरलेल्या कुठल्याही माणसाची नजर आधी त्या पट्ट्यावर जावी असाच तो होता.

गुंडा मोठ्यानं हसला. "बघा! सरळ रस्ता सोडून खड्ड्यात उतरा म्हणतोय!"

आता मात्र सगळे हसले. धोंडीबाही हसला, पण या वेळी मान हलवून म्हणाला, "न्हाई वस्ताद, खरंच."

गुंडाचं म्हणणं उगाच नव्हतं. कृष्णेत पाणी पांढरं झालं की खाली खडक असतो. गडद पाणी म्हणजे खोली, म्हणजे मोकळी वाट. हे त्याला बापानं सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापानं. तरी लोक पांढऱ्या पाण्याकडंच गेले. धोंडीबा फळी घेऊन आत शिरला, वळला, एका लाटेच्या पुढं पाय मारले आणि पोटावर पडून वाळूपर्यंत आला. आरडाओरडा झाला. मग सयाजी. तो पहिल्यांदा उलटा झाला, दुसऱ्यांदा फळी सुटली, तिसऱ्यांदा थोडा आला आणि नाकातोंडात पाणी गेलं तरी ओरडत उठला, "धोंडीबा वस्ताद! जमलं!"

वस्ताद हा शब्द त्यानं ठरवून वापरला नसावा. गुंडा त्या वेळी घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. त्यानं धोतर काढून वाळूवर टाकलं, लंगोट आवळला आणि एकटा त्या गडद पट्ट्यात शिरला.

पहिल्यांदा सगळं त्याच्या मनासारखं झालं. लाट अंगावर येत नव्हती. दहा-बारा हात मारले तर पन्नास मारल्यासारखा तो पुढं गेला. असंच लांब जायचं, सगळ्यांनी बघेपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच त्याचा बेत होता. बराच आत गेल्यावर त्यानं वळून बघितलं. माणसं बाहुल्यांएवढी झाली होती. तो काठाकडं पोहू लागला. हात मारत राहिला. माणसं तेवढीच राहिली, मग आणखी लहान झाली.

नदीत काठ कडेला असतो. धार कितीही जोराची असली तरी तिरकं कापत गेलं की काठ येतो. इथं धार काठापासूनच निघाली होती आणि काठ पाठीमागं पडला होता. गुंडा धारेच्या उलट पोहत राहिला. घाटावर एखाद्यानं असं केलं असतं तर त्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला असता.

धोंडीबानं त्याला बघितलं होतं. आरडाओरडा न करता तो फळी घेऊन त्याच पट्ट्यात शिरला. धारेनंच त्याला गुंडापाशी आणून सोडलं.

"जा तू!" गुंडा ओरडला. "येतो मी!"

"वस्ताद, काठाकडं न्हाई. बाजूला!"

"मला शिकवू नगंस!"

"ह्येला नदी समजा," धोंडीबा म्हणाला. "नदी समजा आन् आडवी कापा."

गुंडाचे हात तोपर्यंत जड झाले होते. पण हे वाक्य ऐकताच काय करायचं ते त्याच्या अंगाला कळलं. तो आडवा वळला आणि बेताबेतानं दमाचे हात मारत पट्टा कापू लागला. हे काम त्याचंच होतं, वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांना हेच शिकवलं होतं, आणि इथं ते त्याला धोंडीबानं सांगावं लागलं. ओढ सुटली. पांढरं पाणी सुरू झालं. तिथं त्याचा दम संपला.

धोंडीबानं फळी त्याच्या छातीखाली सरकवली. "पोटावर पडा. मी म्हणंन तवा पाय मारा." पाठीमागून लाट आली. "मारा!"

गुंडा उचलला गेला. नदी माणसाला वाहून नेते, पण असं खालून उचलून पुढं फेकत नाही. पाणी कानाशी गरजत होतं, फळी थरथरत होती, आणि वाळू त्याच्याकडं धावत आली. पोट वाळूला घासलं तेव्हा तो हसत होता. हे त्याचं त्याला कळलं आणि त्यानं तोंड मिटलं.

लोक शिट्या मारत धावत आले. त्यांना एवढंच दिसलं होतं की वस्ताद लांब आत गेले, धोंडीबा फळी घेऊन मागनं गेला आणि वस्ताद फळीवरून परत आले.

"पयल्याच फटक्यात!" सयाजी म्हणाला. "आन् मी मगापास्नं पाणी पितोय!"

 गुंडा धोंडीबाची वाट बघत होता. धोंडीबा पोहत आला, कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला, नाक शिंकरलं. आता हा सांगणार. गुंडानं उत्तर तयार ठेवलं होतं.

"कोरडी बिडी हाय का कुणाकडं?" धोंडीबानं विचारलं.

कुणीतरी दिली. दोन झुरके घेतल्यावर तो म्हणाला, "वस्तादांनी पाणी झकास कापलं. लय जोर होता."

हेही खरंच होतं. गुंडानं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. डोळ्यांत हसू आहे का, ओठाचा कोपरा हललाय का, मागं कधी हे वसूल करायचा बेत दिसतो का. काही नव्हतं. बिडी चांगली लागली होती, एवढंच त्या तोंडावर होतं.

दिवसभर गुंडा परत पाण्यात गेला नाही. ट्रकच्या सावलीत बसून त्यानं भाकरी खाल्ली आणि धोंडीबाला लाटेवरून येताना बघत राहिला. एकदा, दोनदा, पुन्हा. त्याला जे जन्मात एकदा मिळालं, तेही उसन्या फळीवर, ते ह्या माणसानं दहा वर्षं मनात येईल तेव्हा घेतलं होतं. विहिरीचा तळ दिसणाऱ्या गावचा माणूस. सकाळपर्यंत गुंडाला धोंडीबाची श्रोतेमंडळी हवी होती. आता त्याला त्याची लाट हवी होती, आणि तसलं न हिणवणारं तोंडही हवं होतं. मागता येईल असं यातलं काहीच नव्हतं.

परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये पुढच्या वर्षीचा विषय निघाला. कुणी म्हणालं मालवणला जाऊ, कुणी म्हणालं हाच किनारा. सयाजीनं विचारलं, "वस्ताद, तुमी सांगा. कुठं उतरायचं?"

सगळे गुंडाकडं बघू लागले. बऱ्याच दिवसांनी बघत होते. गुंडानं फळ्यांच्या कठड्याला टेकून बसलेल्या धोंडीबाकडं बघितलं. तो तोंड उघडं टाकून घोरत होता. ते नीट बघून घेतल्यावरच गुंडा म्हणाला, "त्येला इचारा. समुद्राचं त्येला कळतं."

 सयाजी खूश होऊन धोंडीबाला हलवायला वाकला. "उठा वो! वस्ताद काय म्हणत्यात ऐकलं का?"

गुंडानं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"झोपू दे की रं. दमलाय तो."

सोमवारी सयाजीनं अख्ख्या फौंड्रीत सांगितलं की आपल्या वस्तादाचं मन मोठं आहे, दमल्या माणसाची झोपसुद्धा मोडू दिली नाही. गुंडानं ते खोडलं नाही. आपण बोललो ते धोंडीबाच्या कानावर जायला नको होतं, एवढंच मनगट धरण्याचं कारण होतं.