जागरूक शेजारी

तिला सगळे मावशी म्हणत. वीस वर्षं ती एकाच गाळ्यात बायकांचे कपडे शिवत होती. दोन मशिनं, कापायचं टेबल आणि कोपऱ्यात माप घ्यायला पडदा लावलेली जागा. हात इतका साफ की शिवलेला ड्रेस उसवायला परत आला असं सहसा घडायचं नाही. जीभ मात्र तिखट.

एका सोमवारी कुणीतरी मोबाईलवर लिहिलं, 'या बाईच्या पडद्यामागे कॅमेरा आहे. मुलींना पाठवू नका.' लिहिणाऱ्याचं नाव 'जागरूक शेजारी', फोटोच्या जागी एक फूल. दुपारपर्यंत ते सगळीकडे पसरलं. मावशीने पडदा ओरबाडून काढला, भिंत दाखवली, आरसा उलटा करून दाखवला. बघायला गर्दी झाली, शिवायला कोणी आलं नाही. तयार कपडेसुद्धा बायकांनी नवऱ्यांना पाठवून मागवून घेतले.

मावशीने पोलिसांत तक्रार केली. चौकीतले साहेब भले होते. "हे ॲप चालवणारी कंपनी परदेशातली आहे, मावशी. लिहिणाऱ्याचं नाव मागायला पत्र पाठवतो."

तीन महिन्यांनी उत्तर आलं. त्यांच्या देशाच्या कायद्यात हे कुणाचं तरी मत ठरतं, म्हणून नाव देता येत नाही.

"मत?" मावशी म्हणाली. "माझ्या अंगावर शेण फेकलं, ते मत?"

"आपला कायदा तिथे चालत नाही हो. मी तरी काय करू?"

साहेबांनी दुसरं पत्र धाडलं, मग तिसरं. तोवर एक मशीन विकलं गेलं, नंतर गाळाही सुटला. त्या दिवसांत धाकटी जाऊ तेवढी रोज वरच्या मजल्यावरून चहा घेऊन यायची. "ताई, वाटोळं होईल त्या मेल्याचं," म्हणत पाठीवरून हात फिरवायची.

मग नवा कायदा आला. नाव द्या, नाहीतर इथला धंदा बंद. चौदाव्या महिन्यात साहेबांनी मावशीला बोलावून कागद पुढे सरकवला. त्यावर जावेचं नाव होतं, खाली तिचाच नंबर.

मावशी चौकीतून निघाली ती थेट वरच्या मजल्यावर. जाऊ भाजी निवडत होती.

"का गं?"

जावेने आधी कानांवर हात ठेवले. कागद पाहिल्यावर तिने हातातली जुडी खाली ठेवली. "चारचौघींत म्हणालात, हिच्या मापाला टेप पुरत नाही. सगळ्या फिदीफिदी हसल्या. मला वाटलं, लोक दोन दिवस बोलतील आणि विसरतील. नाव कळेल असं वाटलंच नाही, ताई."

मावशीला ते बोलणं आठवेना. जिन्यात थांबून तिने पुन्हा डोकं खाजवलं, तरी आठवेना.

तक्रार तिने मागे घेतली नाही. दिराने बोलणं टाकलं, जाऊ कोर्टाच्या तारखांना जाते. मजकूर मात्र अजून तिथेच आहे. तो काढायला वेगळा अर्ज लागतो आणि तो पुन्हा परदेशात जातो.

मावशी आता कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवते. परवा शेजारच्या मशीनवरच्या नव्या मुलीने मोबाईलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. जेवणाच्या सुट्टीत ती डबा उचलून दुसऱ्या टेबलावर गेली. मावशीने जेवण उरकलं, हात धुतले आणि घंटा व्हायच्या आधीच मशीनवर जाऊन बसली.