घाबरल्यावर काय म्हणावे

खिडक्या बंद असल्या तरी इथली धूळ आत येते आणि कपाटांवर साचते. किस्सेही तसेच साचतात. आखातातल्या लुसैलमध्ये बांधकामाच्या साइट ऑफिसात कागदपत्रे सांभाळणे आणि जे घडेल ते लिहून ठेवणे हे माझे काम. पुढील गोष्टींना मात्र फाइल नव्हती.

*

दुपारी आम्ही तिघे पॅन्ट्रीत एकत्र जेवतो. मी रत्नागिरीचा. शिंदे सांगलीकडचे, ऑफिससमोरची क्रेन तेच चालवतात. तिसरे वॉल्टर, साठी ओलांडलेले इंग्रज सेफ्टी मॅनेजर.

टेबलावरचा नियम माझा आहे. ज्याच्या तोंडून शिवी किंवा पोकळ शपथ निघेल, त्याने सर्वांचे डबे घासायचे. जिभेने केलेल्या गुन्ह्याचा जाब एक दिवस विचारला जाणार आहे. तयारी इथेच झालेली बरी. माझे आडनाव काझी नाही, पण या नियमामुळे शिंदे मला काझीसाहेब म्हणतात.

डबे घासण्याची पाळी बहुधा शिंदे यांच्यावर येई; माझ्यावर कधीच आली नव्हती.

*

इथे आल्यापासून शिंदे यांना ‘वल्ला’ म्हणण्याची सवय लागली. एका सकाळी ते वेळेवर आले नाहीत, म्हणून मी फोन केला.

“वल्ला, पाच मिनिटांत पोचतो काझीसाहेब.”

“शिंदे, ती अल्लाची शपथ आहे.”

“हितं समदेच म्हणत्यात की.”

“असे करा, तुमच्या ग्रामदेवाची शपथ घेऊन सांगा.”



“मग पाऊण तास लागंल. अजून बिरकतच्या क्याम्पातनं बस सुटली न्हाई.”

*

शिंदे यांनी एकदा वॉल्टर यांच्याविरुद्ध तक्रार मांडली. “ह्ये साहेब दिवसभर ‘गॉश’ अन् ‘ब्लायमी’ करत्यात. त्यांना कधी डबं न्हाईत?”

मी वॉल्टर यांना अर्थ विचारला. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि शांतपणे सांगितले. त्यांच्या पूर्वजांच्या घरी देवाचे नाव उगाच घेणे पाप होते. पण ठेच लागली की तोंडातून ते निघायचेच. म्हणून लोकांनी नावच वाकवले. गॉडचे गॉश झाले, जीझसचे जी, आणि नरक या शब्दाचे हेक. ‘ब्लायमी’ म्हणजे मुळात ‘देव मला आंधळा करो’; झिजून झिजून तेवढेच उरले.

“म्हंजे आमचं ‘आयला’च की,” शिंदे म्हणाले. “पुढचं गिळलेलं.”

मला हसू आले नाही. एका समाजाला ईश्वराची इतकी भीती होती, की त्याने शब्द मोडून तिला वाट करून दिली. पुढे भीती गेली. मोडका शब्द राहिला.

“निकाल काय?” वॉल्टर यांनी विचारले.

“वाकवलेले नाव हेही नावच.”

ते मुकाट्याने उठले. त्यांनी बाह्या वर सारल्या आणि तिन्ही डबे घासले.

*

त्या संध्याकाळी अल हिलालमधल्या घरी माझी मुलगी सलमा ‘ओ माय गॉश’ म्हणाली. मी तिला वॉल्टर यांच्याकडून कळलेले सगळे सांगितले. तिला मराठी समजते. उत्तर ती इंग्रजीत देते.

“मग घाबरल्यावर काय म्हणायचे, अब्बा?” तिने विचारले.

“सुभानल्ला म्हणावे.”

“गणिताचे तीन मार्क गेले, तरी अल्लाला बोलवायचे?”

“नाही. तेव्हा गप्प राहावे.”

“आणि खूप घाबरले तर?”

“जिभेवर ताबा असला की तेव्हाही गप्प राहता येते,” मी म्हणालो.

*

टेबलावर शिंदे जीभ सांभाळायचा प्रयत्न तरी करत, वॉकीटॉकीवर तोही नाही. त्यावरचे बोलणे रेकॉर्ड होते. शिव्यांबद्दल त्यांना दोन इशारापत्रे मिळाली होती. तिसरे म्हणजे परतीचे तिकीट. दोन्ही वेळा नोंद मीच केली होती.

“काझीसाहेब, ह्ये दुसरं तरी लिहू नका. पोरगी बारावीला हाय माझी.”

“मी तुमची चूक लिहितो. ती केली तुम्ही.”



*

गेल्या महिन्यात शिंदे सळयांचा भारा उचलत होते. वेळ नोंदवण्यासाठी मी वॉकीटॉकी घेऊन खिडकीशी उभा होतो. वर भाऱ्याला बांधलेला पट्टा सरकला. खाली फोरमन रियाज पाठ करून उभा होता. नियमाप्रमाणे शिंदे यांनी वॉकीटॉकीवर दोनदा ‘स्टॉप’ची हाक दिली. रियाज हलला नाही. तेव्हा शिंदे यांनी त्याला आईवरून शिवी दिली; पुढचे काहीही न गिळता.

रियाज संतापून वळला आणि जाब विचारायला क्रेनकडे चार पावले धावला. भारा त्याच्या मागे कोसळला.

शिवी क्लायंटच्या अधिकाऱ्यांनीही ऐकली होती. चौकशी लागली, आणि जबाब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले.

“गॉश लिहा,” वॉल्टर हळूच म्हणाले.

मी शब्द होता तसाच लिहिला. शिंदे माझ्याकडे पाहत राहिले.

चौकशीत अधिकाऱ्यांनी रियाजला विचारले, सभ्य शब्दाने काम झाले नसते का?

“स्टॉप तो मैं दिनभर सुनता हूँ, साहब.”

मग त्यांनी रेकॉर्डिंग लावले. शिंदे यांची शिवी ऐकू आली. पाठोपाठ तीच शिवी, दुसऱ्या आवाजात.

“हा दुसरा कोण?”

शिंदे यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग फरशीकडे. “वळखू येत न्हाई, साहेब.”

“जबाबाचे शेवटचे वाक्य वाचावे,” मी म्हणालो.

अधिकाऱ्यांनी ते दोनदा वाचले: ‘दुसरा आवाज माझा आहे.’ खाली माझे नाव होते, सही होती.

त्यांनी फाइल मिटली. “खलास, विषय संपला. तिसरे पत्र नाही.”

दुपारी जेवण झाल्यावर मी तिन्ही डबे गोळा केले आणि नळाशी गेलो. शिंदे येऊन शेजारी उभे राहिले. माझ्या हातातली घासणी त्यांनी काढून घेतली.

“काझीसाहेब, तुम्ही नुसतं पुसा. घासायची मला सवय हाय.”