बुसैतीनच्या लिंबाला पाणी

घरात जिन-भुतांचा विषय निघाला की मी पुस्तक उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. अजूनही जाते. त्यामुळे हे लिहिताना अवघडायला होतंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंग्रजी शाळा संपवून मी बहरीनला, मनामा शहरातल्या हूरा भागात एका छोट्या कंपनीत फोन घ्यायला लागले होते. कंपनी घरांना माळी, सफाईवाले पुरवायची. माझे यूसुफमामू तिथेच माळी होते. त्या वर्षी व्हिसाचे नियम कडक झाले आणि माणसं भराभर गावी परतली. मामूही दापोलीला गेले – कायमचे.

मग दिवसभर फोन... माळी कुठे, झाडूवाला कुठे? मॅनेजर वैतागून म्हणायचे, "मफी नफर! माणूसच नाही! इंग्लिश मेमसाब, आता तूच जा पाइप घेऊन."

फक्त बुसैतीन भागातल्या एका म्हाताऱ्या अरब बाईंची तक्रार आली नाही. त्यांच्या अंगणातलं लिंबाचं झाड मामू बघायचे. शेवटी मीच फोन करून माफी मागितली.

"मुश्किल मफी," म्हणजे काही अडचण नाही, त्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या. "यूसुफ रोज आता. असर के बाद." म्हणजे दुपारच्या नमाजानंतर.

"आपने देखा उसको?"

"पानी का आवाज आता. देखने का क्यों?"

मी जाऊन आले. झाडाखालची माती ओली होती. सावलीत भरलेली बादली, वर ओलं गोणपाट. मे महिन्यात तिथे नळाला कढत पाणी येतं. मुळं भाजू नयेत म्हणून मामू ते असंच निववायचे.

घरी येऊन दापोलीला फोन लावला.

"गो, तुझे मामू आलेच नाहीत असं वाटतं," मामी म्हणाली. "मगरिबच्या आधी, दिवस कलला की पडवीत बसतात, हाक मारली तर ओ देत नाहीत. जेवण नाही, बोलणं नाही. उठतात तेव्हा पाय ओले... पाऊस नाही, काही नाही. तिथल्या लोकांना सांग, सोडा त्यांना."

बहरीनमध्ये असर होते तेव्हा दापोलीत दिवस कललेला असतो. पण कुणाला सांगणार? बदली माणूस नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मीच दुपारी टॅक्सीने जाऊन पाणी घालायला लागले. काही वाटत नव्हतं, भीतीसुद्धा नाही. बादली भरायची, निवली की ओतायची. बाई एकदाही बाहेर आल्या नाहीत.

काही दिवसांनी मामी फोनवर हसली. "आज कालवणात मीठ कमी म्हणून ओरडले माझ्यावर!"

पुढे आम्हीही बहरीन सोडलं. शेवटच्या दिवशी मी दाराशी जाऊन सांगितलं, "कल से कोई नहीं आएगा."

आतून आवाज आला, "आएगा, इंशाल्ला."

आता आम्ही दापोलीतच असतो, मामूंच्या शेजारी. या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही. दिवस कलला की मी त्यांचे पाय बघते, मग माझे. कोरडे असतात.

त्या झाडाला पाणी कोण घालतं, हे मी फोन करून विचारलेलं नाही.