ढोर-डॉक्टरचं शेवटचं पान

माझा बदला माझ्या सख्ख्या आत्यावर आहे आणि तो अजून चालू आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधात कोणाला तिची दया यायला नको.

मी तेव्हा बारावीत होतो. दिवाळीच्या आधी गोंदियाला बूट घ्यायला गेलो आणि बूट सोडून एक पुस्तक घेऊन आलो. स्टेशनच्या बाहेर जुन्या पुस्तकांचा ठेला होता, सगळी हिंदी जासूसी, त्यात ही एक मराठी कादंबरी दबून पडली होती. कव्हर गायब. अर्जुनीच्या गाडीत टाइमपास म्हणून उघडली, तर आमचं स्टेशन आलं तरी मी वाचूनच राहिलो. बाजूच्या बाईनं खांदा हलवला तेव्हा उतरलो.

गोष्ट अशी. डोंगरातल्या एका गावात एक मास्तरीण म्हाताऱ्या आजीसोबत राहते. तिथं बदलीवर ढोराचा डॉक्टर येतो. वसुबारसेला तिची गाय अडते, हा वाचवतो. धनत्रयोदशीला दोघं भांडतात. नरकचतुर्दशीला तो तिच्या दारात कंदील टांगायला शिडीवर चढतो आणि पडतो. एक दिवस, एक अध्याय. त्या गावात विजेची लाईन जात नाही, करंजी तेलात फुटत नाही, कोणाचं धान पाण्यात भिजत नाही. मला सगळं खोटं वाटत होतं आणि मी गालातल्या गालात हसत होतो.

मग ठरवलं, आता पुढं ज्या दिवसाचा अध्याय त्याच दिवशी वाचायचा. पुस्तकाला मागच्या वर्षीच्या गाईडचं कव्हर चढवलं, म्हणजे आई म्हणेल पोरगा अभ्यास करून राहिला. वावरात धानाच्या भाऱ्यावर टेकून वाचायचो. पाडव्याच्या अध्यायात डॉक्टरची परत बदली होते, तो निघून जातो, आणि मास्तरीण म्हणते की कंदील उतरेपर्यंत मी वाट पाहीन. कंदील उतरणार भाऊबीजेला संध्याकाळी. म्हणजे तो येतो का नाही, ते शेवटच्या अध्यायात. माझा हात शिवशिवत होता. तरी पुस्तक बंद केलं. भाऊबीजेचं भाऊबीजेला.

भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं आत्या आली. बाबांची मोठी बहीण. आवाज असा की ती फाटकात बोलली तर विहिरीवरच्या बाया वळून पाहतात. आल्या आल्या आईला चुलीवरून उठवून अनारसे तळायला बसली. मी वावरात गेलो, तीन-चार वाजता परत आलो, पुस्तक शोधलं. सापडलं, पण हातात हलकं लागलं. पाडवा संपला, त्यापुढं काहीच नाही.

चुलीजवळ परातीत अनारसे मांडले होते. खाली तेल टिपायला माझा शेवटचा अध्याय. मी अनारसे उचलून पानं काढली. तेलानं कागद असा झाला होता की इकडची अक्षरं तिकडं अन् तिकडची इकडं दिसत होती. एक ओळ लागेल तर शपथ.

"आत्या, हे तू फाडलं?"

"मले वाटलं मागच्या वर्षाची गाईड हाय. तू त पास झाला ना गा अकरावी?"

"ते गाईड नव्हती. गोष्टीचं पुस्तक होतं."

"गोष्टीचं? मंग गाईडचं कव्हर कायले लावलं?"

तोपर्यंत सगळे पाहुणे आंगणात जमले. आत्यानं झारा वर करून सांगितलं, "पाहा बाप्पा, आमचा भाचा. मिशा फुटून राहिल्या अन् ढोर-डॉक्टरच्या लग्नासाठी रडून राहिला."

सगळे हसले. चुलतभावांनी तिथंच नाव ठेवलं, ढोर-डॉक्टर. दोन दिवसात ते नाव पानठेल्यापर्यंत गेलं. कोणाची बकरी खोकली तरी मला हाक मारायचे.

पण त्या दिवशी रात्री जेवताना माझा घास हातातच थांबला. पुस्तकात ढोराचा डॉक्टर आहे, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. मग आत्याला कसं माहीत?

वाचलं होतं तिनं. झारा एका हातात, पान दुसऱ्या हातात. वाचून झालं की परातीत. मी दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं तर म्हणते, "मी कायले वाचू असले पुस्तकं? मले का काम नाही?"

ठीक आहे, म्हटलं.

आमच्याकडं दिवाळीनंतर एकेका गावच्या मंडईचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी जत्रा, रात्री दंडारीचं नाटक, आणि घरोघरी इतके पाहुणे की चपलांचा ढीग होतो. आमची मंडई भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी. दुपारी जेवणं झाली की सगळे म्हणणार, अरे, नकल कर. मी लहानपणापासून नकला करतो. एसटीचा कंडक्टर, हेडमास्तर, दंडारीतली बाईचं सोंग घेतलेली माणसं, सगळे माझ्या गळ्यात बसले आहेत.

त्या दुपारी मी कंडक्टर केला, हेडमास्तर केला. मग डोक्यावर दुपट्टा घेतला, एक हात कमरेवर ठेवला आणि आत्याचा आवाज काढला. "पाहा बाप्पा, मी असले पुस्तकं वाचत नाही. पण गोष्ट सांगतो, आयका."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आत्या चुलीवर वडे काढून राहिली होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण झारा थांबला.

मी आत्याच्याच आवाजात सगळी गोष्ट सांगितली. गाय, शिडी, कंदील. पाडव्यापर्यंत खरी. त्याच्यापुढं मी मुद्दाम घाण केली. "मंग का झालं, त्या डॉक्टरनं नागपुरात दुसरी बायको केली. मास्तरणीले समजलं. तिनं कंदील चुलीत घातला अन् त्याच्यावर भात शिजवला."

"झूट नको बोलू."

आत्या उभी होती. झाऱ्यातून तेल टपकून राहिलं होतं.

"तो येते. एसटीनं येते. पुलापाशी गाडी बंद पडते, त पायी येते. पायात जोडा बी नसते त्याच्या."

मग आई हळूच म्हणाली, "काय वो ताई, तुमी त म्हणत होत्या, गाईड होती."

मला इतका आनंद बारावी पास झाल्यावरही झाला नाही. पण आत्या लाजलीच नाही. बाया तिच्याभोवती सरकल्या. "मंग? मंग का झालं वो?" आत्या पाटावर बसून सांगायला लागली. संध्याकाळ होते. आजी म्हणते, उतरव कंदील. मास्तरीण पोरगी शिडी लावते. तेवढ्यात फाटक वाजते. तो खालून विचारते, 'उतरला का कंदील?' अन् पोरगी वरून म्हणते...

आत्या थांबली. डोळे पुसले.

"का म्हणते?"

"ते पान पहिल्या घाण्याले गेलं. मी मागून फाडलं ना. तवा कुठं वाचून राहिली होती मी?"

म्हणजे शेवट तिलाही माहीत नव्हता. ती माझ्याकडं वळली. पहिल्यांदा तिचा आवाज फाटकाबाहेर गेला नाही. "तुले माहीत असन ना गा? सांग ना."

मला कुठलं माहीत. पण मी दुपट्टा नीट घडी केला. "माहीत हाय. पण मी कायले सांगू? ते त गाईड होती."

तीनेक वर्षांनी गोंदियात कॉलेजला असताना तसल्याच एका ठेल्यावर तेच पुस्तक दिसलं, कव्हरसकट. उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. एवढीशी ओळ होती. ठेलेवाला बोलला, "भैया, रो रहे हो क्या?" मी म्हटलं, धूळ है.

आत्याला सांगितलं नाही. ती दर मंडईला येते, दर मंडईला विचारते, आणि मी दर मंडईला नवीन शेवट सांगतो. एकदा पोरगी शिडीवरून पडली. एकदा ती म्हणाली, 'अगोदर गाय पाहा.' एकदा ते फाटक दूधवाल्यानं वाजवलं होतं.

मागच्या मंडईला मी मनात ठरवून गेलो होतो की झालं आता, सांगून टाकू. आत्याचे गुडघे गेले, तळायला बसत नाही. मी तिच्या खाटेजवळ बसलो, तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं नव्या सूनबाईला हाक मारली. "इकडं ये वो. याच्या पाया पड. हा आमचा ढोर-डॉक्टर."

सूनबाई पदरात हसली.

मी म्हटलं, "आत्या, आता खरं सांगतो. पोरगी वरून म्हणते, 'कोण हो तुमी?'"

आत्यानं माझ्याकडं बारीक डोळ्यांनी पाहिलं.

"हे त तू दोन मंडईपहिले सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुसरं सांग."