विहिरीतला तांबडा थर

पुण्याच्या कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकलो तेव्हा घरच्यांना वाटलं, मुलगा आता सोन्याच्या खाणी शोधणार. नोकरी लागली ती विहिरी मोजायची. जुन्नर आणि आंबेगावच्या मुलखात कुठली विहीर किती खोल, पाणी किती हातांवर, खडक कुठला, हे लिहून साहेबाला कळवायचं. सोबत एक तंबू, एक बैलगाडी आणि मापाची लांब फीत. फितीच्या टोकाला खडू फासायचा आणि ती विहिरीत सोडायची. वर ओढली की खडू जिथवर भिजलेला, तिथवर पाणी.

पण गावात तंबू पडला की आधी विहिरीच गायब होत. मोजलेल्या विहिरीवर कर बसणार, अशी सगळ्यांची खात्री. अवसरी खुर्दला बांधावर बसलेला एक म्हातारा मला शांतपणे म्हणाला, "हीर? न्हाई बा आमच्यात." त्याच्या पाठीमागे मोटेचं चाक करकरत होतं. मी हसलो, तोही हसला, आणि त्यानं मला गूळपाणी दिलं. पाणी त्याच विहिरीचं.

निमगाव सावाच्या एका शेतकऱ्यानं मात्र स्वतः बोलावून नेलं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची विहीर चैत्रातच तळ दाखवायची. तो म्हणाला, "तुमी शिकल्यालं हाय. सांगा, काय करू?"

मला तोवर असं कुणी काही विचारलं नव्हतं. मी हातोडीनं चार दगड फोडले, चष्मा पुसला आणि सांगून टाकलं, "आणखी दोन परस, दोन पुरुष खोल, खाली जा. पाणी लागेल."

खोदकामाला जुन्नरहून एक मुसलमान कारागीर आला. त्याला सगळे सुरुंगवाले चाचा म्हणत. दाढी मेंदीनं रंगवलेली, डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगाच्या दारूनं नेलेली. विहिरीच्या तळाशी विटेसारख्या तांबड्या मातकट दगडाचा एक थर होता. त्याच्याकडे बोट करून चाचा म्हणाले, "सायेब, ह्या गेरूच्या खाली काळा पाषाण. तिथं पानी न्हाई भेटत."

मी त्यांना पुस्तकातलं, खालच्या खडकात पाणी दाखवणारं चित्र उघडून दाखवलं. त्यांनी ते अदबीनं पाहिलं. "चित्र झकास हाय," म्हणाले आणि पहार उचलली.

दीड महिना काम चाललं. दोन परस खाली गेलो. ठणठणीत काळा पाषाण, थेंब नाही.

शेतकऱ्याच्या घरून तंबूवर रोज भाकरी यायची, ती तशीच येत राहिली. शिव्यांपेक्षा तेच मला जास्त लागलं. शेवटी एका सकाळी मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे."

"व्हय, चुकलंच," तो म्हणाला. "मग आता?"

मी चाचांना घेऊन पुन्हा विहिरीत उतरलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळवा भिंतीवर टेकवला, गेरूच्या थराच्या जरा वर. पूर्वेकडचा दगड कोरडा, उन्हाळ्यातल्या उंबऱ्यासारखा. पश्चिमेकडचा गार, ओलसर.

"चाचा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! तुमी चित्र दावलं."

मी तिथंच दगडावर बसलो. गेरू म्हणजे चिकणमातीच. वरच्या खडकाच्या फटींतून झिरपणारं पाणी त्याच्यावर येऊन थांबत असणार, आणि थर जिकडे उतरता तिकडे सरकत असणार. मी तो थर फोडून उगाच खाली गेलो होतो. पण या खेपेला लगेच सांगून मोकळा झालो नाही. आठ दिवस शिवारातल्या विहिरींत उतरून गेरू किती उंचीवर लागतो ते मोजलं. थर सगळीकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत होता, म्हणजे पाणी पश्चिमेकडून येत होतं. मग शेतकऱ्याला म्हटलं, "खाली नको. आडवं जाऊ. पश्चिमेच्या भिंतीत भोकं पाडू."

त्यानं चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान हलवली. माझ्या पदवीपेक्षा ती मान भारी ठरली.

खड्ड्यावर फळ्या टाकून चाचांनी लांब पहारेनं भोकं पाडायला घेतली. पहिली दोन कोरडी. तिसऱ्यातून पहार ओढली मात्र, तांबड्या पाण्याची धार सुटली ती थेट माझ्या तोंडावर. चष्मा गेला, पाय घसरला, आणि मी गाळ वर काढायला सोडलेली मोट घट्ट धरली. वरून शेतकऱ्यानं पाहिलं, तो मी डोक्यापासून पायापर्यंत लालभडक! त्याला वाटलं, रक्तच. त्यानं जुंपलेले बैल धावेच्या उतारावरून असे पिटाळले की मी मोटेसकट सपकन वर आलो, आणि मोट जशी पाणी ओतते तसा थारोळ्यात ओतला गेलो.

"जिवंत हायसा का?" तो ओरडला.

"पाणी!" मी म्हणालो. त्यानं धावत जाऊन प्यायला तांब्या आणला.

खालून चाचांच्या हसण्याचा आवाज येत होता. शेतकऱ्यानं वाकून विहिरीत पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पावणं, तुमचा खड्डा बी वाया न्हाई गेला. पानी साठाया बरा झाला." ती विहीर त्या साली ज्येष्ठापर्यंत चालली.

तिथून माझ्या नोकरीला खरी दिशा मिळाली. गेरूचा माग काढत मी घोड नदीच्या काठानं डिंभ्यापर्यंत हिंडलो. काही गावांत "इथं खोदू नका" असंही सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. पुष्कळदा चाचा बरोबर असत. अहवालात मी त्यांचा "जाणकार" म्हणून उल्लेख करी. एकदा साहेबानं विचारलं, "हा जाणकार कोण? कुठल्या कॉलेजचा?" मी चाचांना पुण्याला घेऊन आलो.

धुतलेला सदरा घालून ते कचेरीत आले. भिंतीवर माझा नकाशा टांगला होता, गेरूचा थर तांबड्या शाईनं रंगवलेला. चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण नदी आणि डोंगर त्यांनी लगेच ओळखले. मग एका टेकाडावर उरलेल्या तीन बोटांचा पंजा ठेवून म्हणाले, "बेटा, हितं गेरू न्हाई. हितं तुमी नुसता रंग दिलाय."

साहेब माझ्याकडे पाहू लागला. खरंच होतं. त्या टेकाडावर मी कधी गेलोच नव्हतो. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गाडी जुंपून तिकडे निघालो.