गणपत पास्टर आणि आमचे बाबा

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. घरी भेटायला येणारा माणूस आधी दोन मिनिटं खाली बघत बसतो. मग चहा येतो, आणि चहा अर्धा झाला की तो हळूच म्हणतो, "तुला ती गोष्ट माहीत आहे का?" प्रत्येकाकडे दादाची एक तरी गोष्ट आहे. निम्म्या मला माहीत नव्हत्या, म्हणजे सख्खा भाऊ असून मला नव्हत्या. मी सातवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण डोक्यात इतकं साठलंय की लिहिलं नाही तर कोणाशी तरी भांडण होईल.

आधी एक सांगून ठेवतो. आम्ही वांगणीच्या पुढचे, भातशेतीवाले. दादाने बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. अकरा वर्षं. एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन. काही सांगायचं असलं की दादा समोर बसलेला असताना बाबा माझ्याकडे बघून म्हणायचे, "त्याला सांग, छपराचा पत्रा हलतोय." मी मान वळवायच्या आत दादा शिडी घेऊन वर.

दादाला दुसरं काही नको होतं. बाबांनी एकदा हाक मारावी, बस. ते मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि मला वाटतं बाबांनाही माहीत होतं.

*

उल्हासनगरचे एक मोठे पास्टर दादाला म्हणाले, "गणपत नाव चालणार नाही. बायबलमधलं एखादं घ्या."

दादा म्हणाला, "घेतो की. पण आईने त्या नावाने हाक मारली तर मी वळणार नाही, आणि आई मला बहिरा समजेल."

मोठे पास्टर हसले. तेव्हापासून ते स्वतःच त्याला गणपत पास्टर म्हणायला लागले.

*

बारवी धरणाच्या बाजूला डोंगरात एक ठाकरवाडी आहे. दर रविवारी दादा तिथे चढून जायचा. मी बाइकवर पायथ्यापर्यंत सोडायचो, आणि मूड असला तर वर. एकदा त्याने शंभर मेंढरांची गोष्ट सांगितली. एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याला शोधायला जातो. सगळे माना डोलावत होते. मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आन् मागं त्या नव्याण्णवांना बिबट्यानं खाल्लं तर?"

दादा उभा होता तो खाली बसला. म्हणाला, "आजी, हे मला शिकवलं नाही कोणी. रविवारपर्यंत मुदत दे."

आठवडाभर तो जेवतानाही बायबल चाळत होता. मला वाटलं, आता काहीतरी भारी उत्तर काढणार. पुढच्या रविवारी म्हातारीसमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आजी, नव्याण्णवांचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. मी हरवलेला होतो ना, म्हणून मला तो विचार कधी सुचलाच नाही."

"मंग मेंढरांचं ऱ्हाऊ दे," म्हातारी म्हणाली. "तू तुझंच सांग."

त्या दिवशी त्याने जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. दारूचं, कर्जत लाइनला रुळावर जाऊन बसल्याचं, सगळं. मी त्याच्याच बाजूला झोपायचो आणि मला काही पत्ता नव्हता.

*

बदलापुरात हेंद्रेपाड्याला एक चहावाला आहे. दादाच्या हातात बायबल बघून तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदलणारे आले."

माझा हात आधी चालतो. मी त्याची कॉलर धरली. दादाने माझी बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला म्हणाला, "भाऊ, तांदूळ आमच्याच शेतातला असतो. उद्या दोन किलो आणून देतो. शिजवून बघ आणि तूच सांग, धर्म सोडण्याइतका चांगला आहे का?"

दुसऱ्या दिवशी खरंच नेऊन दिला. मी बाइकवरून उतरलोही नाही, इतका राग होता.

तो चहावाला दादाच्या मातीला आला होता. माझ्यापाशी येऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "भात फार गोड लागला होता रे."

*

आवणीच्या दिवसांत रविवारच्या भक्तीला कोणी यायचं नाही. भाताची रोपं लावायची सोडून कोण येणार? मग दादाच चिखलात उतरायचा आणि लोकांबरोबर मागे मागे सरकत, रोपं लावत लावत बायबलमधलं वचन सांगायचा. एकदा म्हणाला, "देवानेसुद्धा सातव्या दिवशी विसावा घेतला."

बाजूची बाई वर न बघता म्हणाली, "त्याची आवणी आटपली असंल."

त्याच वर्षी बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, गावाची लावून झाली असतील तर घरचा एक तुकडा बाकी आहे." दुसऱ्या दिवशी दोघं बाजूबाजूला वाकून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत लावत होते. एक शब्द नाही. मी बांधावर बसून वाट बघत राहिलो. दादा घरी येऊन म्हणाला, "आजचा दिवस चांगला गेला."

*

शेवटी दादाला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात ठेवला. घशाला भोक पाडून नळी घातली होती, आवाज बंद. बाबा रोज यायचे, पायापाशी स्टुलावर बसायचे आणि मला म्हणायचे, "त्याला विचार, पाय दाबू का." आणि दाबायचे.

बाजूच्या खाटेवर एक सिंधी शेठ होते, कापडाच्या दुकानवाले. पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन होतं. एके दिवशी सकाळी त्यांना आत न्यायला स्ट्रेचर आलं आणि ते घाबरून रडायला लागले. दादाकडे बघून म्हणाले, "पास्टरजी, मेरे लिए दो शब्द बोल दो."

दादाने ओठ हलवले. नुसती हवा आली. त्याने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं त्याच्या मागे बसून मी मोबाइल बघितला होता, मला एक ओळ येत नव्हती.

घरी पहाटे दादाची मोठ्याने प्रार्थना सुरू झाली की बाबा तांब्या उचलून अंगणाबाहेर जायचे. रोज.

ते बाबा स्टुलावरून उठले. टोपी काढली. शेठच्या खाटेचा दांडा धरला आणि डोळे मिटून म्हणाले, "बापा, तू आम्हाला उठवलंस, तुझे उपकार. ज्याला उठवत नाही त्याच्या उशाशी बस. ज्याला भीती वाटते त्याचा हात सोडू नको." पहाटे दादा थांबायचा तिथेच थांबले. मग पुढे, त्याच चालीत, "माझ्या बाबांचे गुडघे बरे कर. त्यांना जेवण गोड लागू दे. त्यांचा राग माझ्या एकट्यावर राहू दे, घरात दुसऱ्या कोणावर जाऊ देऊ नको. आमेन."

शेठ डोळे पुसत म्हणाले, "घुटना नहीं काका, पित्त है." आणि मग तेही म्हणाले, "आमेन."

स्ट्रेचर गेलं. बाबा टोपी हातात धरून तसेच उभे होते. मग वळले, माझ्याकडे नाही, दादाकडे.

"गणपत," ते म्हणाले, "काही चुकलं का रे?"

दादाने नाही म्हणून मान हलवली.