पंगतीतला भूकंप

चुलतभावाच्या लग्नाला मी नागभीडला पोचले, तर मांडवात नवरीपेक्षा भूकंपाचीच चर्चा जास्त. आदल्या आठवड्यात सकाळी जमीन जराशी हलली होती, भांडी वाजली होती, एवढंच. पण मी भूकंपावर संशोधन करते हे सगळ्यांना ठाऊक. लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू जमीन मीच हलवली होती.

पंगतीत काका शेजारी बसले. जेवण आटोपत आलं तसं म्हणाले, "पोरी, जमीन फाटते तं किती जोरात फाटते?"

"बहुतेक वेळा जमीन आडवी हलवणाऱ्या धक्क्याच्या लाटेपेक्षा थोडी हळू. पण कधीकधी भेग त्या लाटेलाच मागे टाकते. मी त्याचाच अभ्यास करते."

"काहीतरीच! लाट भेगेतूनच निघते ना? मंग भेग तिच्या पुढं कशी जाईन?"

प्रश्न बरोबर होता. आमची ओळ लांब आणि अगदी सरळ होती, आणि मला सुरसुरी आली. मी काकांना खेळ समजावला: झोका म्हणजे लाट, उठणं म्हणजे भेग. त्यांनी बसल्या जागेवरून आरोळी ठोकली, "सारे कोपरात कोपर घाला! शेजाऱ्याचा झोका बसला का पुढं वाकाचं, अन् मंग उठाचं. झोका बसल्याबिगर कोणी उठाचं नाई!"

उष्ट्या हातांसकट कोपरं अडकली. ओळीच्या टोकाला मीच होते, मी पुढे वाकले. माझ्या झोक्यानं काका वाकले, उठले, त्यांच्या पलीकडचा वाकला, उठला. झोका पुढे आणि उठणं त्याच्या मागोमाग, सगळं पुस्तकात असतं तसं.

ओळीच्या मध्यावर आत्या होती. मांडी घालून कधीची अवघडलेली. हसण्याचा गलका जवळ येतोय हे ऐकलं आणि झोका पोचायच्या आतच ती ताडकन उठली. कोपरं अडकलेली, त्यामुळे पलीकडची बाई तिच्याबरोबर ओढली गेली. त्यापुढचेही सगळे उठायला टेकलेलेच. माझा झोका आत्याच्या जागेपर्यंत पोचला, तेव्हा ओळीचं पलीकडचं टोक हात धुवायला निघालं होतं.

"हेच! हेच ते!" मी ओरडले. "पुढचा खडक आधीच ताणलेला असतो. भेग पोचण्याआधी कंप पोचतो, आत्यापाशी गलका पोचला तसा; खडक तिथंच सुटतो आणि नवी भेग तिथून सुसाट पळते. लाटा मागे राहतात, एकमेकींवर चढतात आणि एकदमच आदळतात."

"मी काई भूकंप-बिकंप केला नाई!" आत्या कडाडली. "पायाले मुंग्या आल्या होत्या."

"म्हंजे ताण होताच," काका म्हणाले.

पुढची पंगत बसली, तिनंही हट्ट धरला. पण पानात नुकताच गरम वरणभात पडलेला. मी टोकाच्या माणसाला झोका दिला. तो वाकला, अर्धवट उठला. त्याच्या शेजारच्यानं नुसती मान हलवली. त्याच्या शेजारच्यानं तेवढंही केलं नाही, तो भात कालवत होता.

"हे काऊन थांबलं?" काकांनी विचारलं.

"ताणच नाही इथे. भेग सुरू झाली अन् विझली."

वाढपी भाताचं पातेलं घेऊन खोळंबला होता. "खेळ झाला असन तं वाढू का?" तो म्हणाला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पानांकडे पाहिलं आणि "ताण नाई तं मी इथंच बसतो," म्हणत त्या पंगतीत जागा करून पुन्हा जेवायला बसले.